दोन पिस्तुलं, एक हात

तर मंडळी, या कॉलमचा नियम तुम्हाला आता पाठ झाला असेल. एकाच जातकुळीच्या दोन वस्तू घ्यायच्या, शेजारी शेजारी ठेवायच्या, वापरून बघायच्या आणि शेवटी कौल देऊन मोकळं व्हायचं. ट्रॉली बॅगा झाल्या, इअरबड्स झाले, कॉफीची मशिन्स झाली. आजची जोडी मात्र मॉलमध्ये मिळत नाही, ईएमआयवर तर नाहीच नाही. आणि ती घ्यायची तर वॉरंटी कार्डाच्या आधी सरकारी परवाना लागतो.

आज पिस्तुलं. एक टार्गेट पिस्तूल, म्हणजे नेमबाजीच्या स्पर्धेत वापरतात ते. दुसरं कॅरी पिस्तूल, म्हणजे स्वसंरक्षणासाठी अंगावर बाळगतात ते छोटं, चपटं, खिशात मावणारं.

दचकू नका, मी गँगस्टर सिनेमाचा रिव्ह्यू लिहीत नाहीये. हा विषय थेट आमच्या घरातून आला. माझं गाव कोल्हार. नगर-मनमाड रस्त्यावरचं, प्रवरेच्या काठावरचं, भगवती देवीच्या देवळाचं गाव. शिर्डीला जाताना तुम्ही तिथून नक्की गेला असाल, कदाचित चहाला थांबलाही असाल. तिथे पप्पांचं बी-बियाणं आणि खतांचं दुकान आहे, आणि घर गावाबाहेर, उसात बुडालेल्या वस्तीवर. १९९७ साली पप्पांनी पिस्तुलाचा परवाना काढला. कारण सरळ होतं. सीझनमध्ये दिवसभराची रोकड पिशवीत घालायची, पिशवी एम-एटीच्या हँडलला अडकवायची आणि अंधारातून एकट्यानं वस्ती गाठायची. दोनदा कुणीतरी पाठलाग केला. तिसऱ्या वेळेची वाट न बघता त्यांनी अर्ज केला.

आता पप्पा म्हणतात, ‘तुझ्या नावावर करून टाकू.’ मी पुण्यात एकटी राहते, फ्रीलान्स करते, रात्री अकराला कुठल्या तरी इव्हेंटवरून परत येते. बापाचा जीव आहे, काळजी करणारच. कायद्यातही सोय आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा शस्त्र २५ वर्षं त्याच्याकडे असलं, तर ते वारसाच्या नावे करण्यासाठी अर्ज करता येतो. वारसांत मुलगीही येते. पप्पांची २५ वर्षं कधीच भरलीत. म्हणजे प्रश्न फक्त माझ्या ‘हो’चा होता.

वर्षभरापासून मी पुण्याजवळच्या एका रेंजवर टार्गेट पिस्तूल शिकते आहे. म्हटलं, ‘पप्पा, उत्तर फोनवर नको. तुमचं घेऊन या. रेंजवर बघू.’

ओळख करून घ्या

गंमत म्हणजे दोन्ही पिस्तुलं एकाच घराण्यातली निघाली. वॉल्थर. कार्ल वॉल्थर यांनी १८८६ साली जर्मनीत सुरू केलेली कंपनी.

पप्पांचं पिस्तूल वॉल्थर पीपीके. हे मॉडेल १९३१ पासूनचं. नाव ओळखीचं वाटलं? बरोबर, जेम्स बाँड! १९६२ च्या ‘डॉ. नो’मध्ये बाँडचा साहेब त्याच्याकडून जुनं बेरेटा काढून घेतो आणि हेच हातात देतो. आपल्याकडे १९८० च्या दशकाच्या मध्यात सामान्य परवानाधारकांसाठी आयात बंद झाली, त्याआधी आलेली अशी परदेशी पिस्तुलं एका परवानाधारकाकडून दुसऱ्याकडे फिरत असतात. पप्पांचंही असंच सेकंडहँड. लांबी साडेपंधरा सेंटिमीटर, म्हणजे जुन्या शाळकरी पट्टीएवढी. नळी ८३ मिलिमीटर. वजन साधारण ६०० ग्रॅम. बोअर .३२, मॅगझिनमध्ये सात गोळ्या.

क्लबचं पिस्तूल वॉल्थर जीएसपी, १९६० च्या दशकाच्या शेवटी आलेलं, .२२ बोअरचं. हे दिसायला पिस्तुलापेक्षा ड्रिल मशीनसारखं जास्त दिसतं. चौकोनी डबा, मॅगझिन मुठीत नसून चापाच्या पुढे, आणि मागे लाकडाची मोठी ओबडधोबड मूठ. बाँडनं हे कोटाच्या आत घातलं असतं तर शिंप्यानं राजीनामा दिला असता. वजन १२०० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे पीपीकेच्या दुप्पट. आणि नळी? १०७ मिलिमीटर. दोन नळ्यांमध्ये फरक आहे जेमतेम एका इंचाचा! तेव्हा ‘नळी लांब म्हणून नेम चांगला’ हे उत्तर इथे चालत नाही. खरी भानगड दुसरीकडे आहे.

भानगड क्रमांक एक: दोन साइट्समधलं अंतर

पिस्तुलाच्या पुढच्या टोकाला एक उभा दात असतो आणि मागे एक खाच. खाचेच्या बरोबर मध्ये दात दिसला की नेम लागला. या दोघांमधलं अंतर जितकं जास्त, तितकी हाताची थरथर कमी भोवते. जीएसपीवर हे अंतर २२ सेंटिमीटर आहे. २५ मीटरच्या स्पर्धांमध्ये जास्तीत जास्त तेवढंच चालतं. पीपीकेवर साधारण १०६ मिलिमीटर, म्हणजे निम्म्याहून कमी.

आता शाळेतली त्रैराशिकं आठवा. पुढचा दात फक्त एक मिलिमीटर सरकला, तर २५ मीटरवर जीएसपीची गोळी ११ सेंटिमीटरनं चुकते. पीपीकेची साडेतेवीस सेंटिमीटरनं. चूक तीच, हात तोच. शिक्षा दुप्पट.

भानगड क्रमांक दोन: चाप

स्पर्धेच्या नियमानुसार २५ मीटरच्या पिस्तुलाचा चाप किमान १ किलो वजनाचा हवा. जीएसपीचा त्याच्याच आसपास असतो आणि काचेची काडी मोडावी तसा ‘टक्’ सुटतो. पीपीके खिशात ठेवायचं म्हणून त्याची रचना सुरक्षिततेला धरून आहे. घोडा खाली असताना पहिली गोळी झाडायची, तर चाप घोड्याला मागे नेतो आणि मग सोडतो. त्या पहिल्या ओढीला पाच किलोहून जास्त जोर लागतो. सहाशे ग्रॅमची वस्तू हातात स्थिर धरायची आणि एका बोटानं पाच किलो ओढायचे. दळणाचा डबा करंगळीनं उचलून बघा, कल्पना येईल. पुढच्या गोळ्यांना ओढ बरीच हलकी होते, पण म्हणजे पहिली आणि दुसरी गोळी दोन वेगळ्या पिस्तुलांतून झाडल्यासारखी वाटते.

भानगड क्रमांक तीन: धक्का

.२२ ची गोळी अडीच ग्रॅमच्या थोडी वर. .३२ ची जवळपास पावणेपाच. वेगात फार फरक नाही. म्हणजे धक्का दुपटीच्या आसपास, आणि तो झेलायला पिस्तुलाचं वजन निम्मं! त्यात पीपीकेची वरची सरकपट्टी मागे येताना अंगठा आणि तर्जनीमधल्या चामडीला ओरखडते. मोठा हात असला की हमखास. हे दुखणं जगभर पीपीके वापरणाऱ्यांच्या ओळखीचं आहे.

आता प्रत्यक्ष

रेंजवर पहिली पंधरा मिनिटं कागदपत्रांत गेली. पप्पांचा परवाना, पिस्तुलाचा नंबर, आणलेल्या गोळ्यांची मोजणी, त्यांचं तात्पुरतं सदस्यत्व. मग आमच्या कोच सरांचं पाच मिनिटांचं कडक प्रवचन. नळी कायम टार्गेटकडे. बोट चापाच्या बाहेर. सर सांगेपर्यंत पिस्तुलाला हात नाही. कानावर मफ, डोळ्यांवर चष्मा. पप्पा दुकानात चाळीस माणसांना एका वेळी गप्प करतात, पण इथे शाळेतल्या मुलासारखे उभे होते.

पप्पांच्या परवान्यावरचं पिस्तूल पप्पाच चालवणार, हा कायदा. म्हणून तुलना त्यांच्याच हातांची. मी जीएसपीपुरती. टार्गेट २५ मीटरच्या स्पर्धेचं. मधलं दहाचं वर्तुळ ५ सेंटिमीटरचं, भोवतीचा काळा गोल २० सेंटिमीटरचा, त्याबाहेर पांढरा कागद.

सरांनी विचारलं, ‘दादा, याआधी किती गोळ्या झाडल्यात यातून?’

पप्पा म्हणाले, ‘घेतलं त्या दिवशी दोन. चालतंय का बघायला.’

पंचवीसहून जास्त वर्षांत दोन गोळ्या. सर काही बोलले नाहीत. त्यांनी टार्गेट २५ ऐवजी १० मीटरवर लावलं.

आधी जीएसपी. पप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतलेलं. स्पर्धेत एका हातानंच धरायचं असतं, पण सरांनी दोन हातांची मुभा दिली. पाच गोळ्या. पाचही काळ्यात, आणि त्यातल्या चार चहाच्या बशीखाली झाकल्या जातील एवढ्या जवळ. पप्पांचा चेहरा बघण्यासारखा होता. म्हणाले, ‘आयला, हे तर सोपंय की!’

मग पीपीके. हेही दोन हातांनी. पहिली गोळी, ती पाच किलोची, कागदाच्या खाली मातीत. दुसरी पांढऱ्यात. तिसरी काळ्यात, चौथी काळ्यात, पाचवी पुन्हा पांढऱ्यात. आणि पप्पा उजव्या अंगठ्याच्या बेचक्यात आलेलं रक्त रुमालानं पुसत होते.

टार्गेट २५ मीटरवर नेलं. जीएसपी: तीन काळ्यात, दोन पांढऱ्यात. पीपीके: पाचातली एक कागदावर. बाकीच्या चार कुठे गेल्या ते रेंजच्या मागच्या मातीच्या बांधालाच ठाऊक. (माझे जीएसपीवर, एका हातानं, ५० पैकी ४४. सर म्हणाले, ‘ठीक.’ सरांचं ‘ठीक’ म्हणजे आमच्याकडे पेढे वाटतात.)

पप्पा पीपीकेकडे बघत म्हणाले, ‘याचा नेम बिघडलाय का हो, सर?’

सरांनी पप्पांच्या परवानगीनं ते तपासलं. म्हणाले, ‘पिस्तूल ठणठणीत आहे, दादा. ते मुळातच बाळगायला सोपं बनवलंय. मारायला नाही.’

तीन सेकंद

इथपर्यंत तुम्ही म्हणाल, कॅरी पिस्तूल काय ऑलिम्पिकसाठी असतं का? बरोबर आहे. त्याचं काम जवळचं. अंधारात, दोन-चार मीटरवर, काही क्षणांत. मग त्याच कामाची परीक्षा घेऊ की.

महिलांच्या २५ मीटर पिस्तूल स्पर्धेत ६० गोळ्या असतात. पहिल्या ३० सावकाश, पुढच्या ३० रॅपिड. रॅपिडमध्ये हात ४५ अंशांवर खाली. इशारा मिळाला की तीन सेकंदांत हात वर, नेम आणि एक गोळी. मग सात सेकंद थांबा. पुन्हा तीन सेकंद. अशा पाच वेळा. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पालेमबांगला ज्या प्रकारात सोनं जिंकलं तो हाच. तिचे आणि थायलंडच्या नेमबाजाचे ३४-३४ झाले होते. दोनदा शूट-ऑफ करावा लागला, तेव्हा निकाल लागला. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं वैयक्तिक सोनं जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. त्या तीन सेकंदांच्या मागे किती वर्षं आणि किती हजार गोळ्या असतील, विचार करा.

सरांनी पप्पांना १० मीटरवर तेच करायला लावलं, पीपीके घेऊन. कंबरेतून काढणं नाही, अंधार नाही, समोर कुणी चाकू घेऊन उभं नाही. फक्त एक कागद आणि शिट्टी.

पाच वेळा शिट्टी झाली. दोन वेळा तीन सेकंदांत चाप पूर्ण ओढलाच गेला नाही. तीन गोळ्या सुटल्या. कागदावर लागली एक, कडेला.

पप्पांनी पिस्तूल रिकामं केलं, सरांना दाखवलं, टेबलावर ठेवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, ‘म्हणजे त्या टायमाला कुणी खरंच आडवं आलं असतं तर...’

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. आणि मीही केलं नाही.

.३२ आणि .३२ मध्येही फरक

‘मग .३२ बोअरच वाईट का?’ असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल तर उत्तर आहे, अजिबात नाही. सेंटर-फायर पिस्तूल नावाच्या स्पर्धेत बहुतेक नेमबाज .३२ च वापरतात. जीएसपीसुद्धा .३२ मध्ये मिळायचं. जसपाल राणानं २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत याच प्रकारात ५९० गुण करून विश्वविक्रमाची बरोबरी केली. काडतूस थोडं वेगळं, स्मिथ अँड वेसन लाँग म्हणतात ते, टोक सपाट असलेलं. पण बोअर तोच. आपल्या सरकारी कारखान्यांतली .३२ ची रिव्हॉल्व्हरं याच जातीचं काडतूस खातात. म्हणजे एकाच मापाची गोळी एका पिस्तुलात विश्वविक्रमाला पोचते आणि दुसऱ्यात मातीत जाते. फरक पडतो वजनानं, मुठीनं, चापानं. आणि सगळ्यात जास्त, त्यामागे झाडलेल्या गोळ्यांच्या संख्येनं.

इथेच आपल्याकडची खरी गोची आहे. टार्गेट पिस्तूलवाला दर आठवड्याला रेंजवर असतो. त्याची .२२ ची गोळी तुलनेनं स्वस्त, आणि नावाजलेल्या खेळाडूंना काडतुसांचा कोटाही मोठा. कॅरी पिस्तूलवाला? त्याची गोळी महाग, कोटा मोजका, आणि .३२ झाडू देईल अशी रेंज जवळपास असेलच असं नाही. २०१६ च्या नियमांनी नव्या अर्जदाराला शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षण घ्यायला लावलं, ही चांगली गोष्ट. पण एकदाच्या सर्टिफिकेटनं हात तयार होत नाही. ड्रायव्हिंग लायसन्स काढून वीस वर्षं गाडीला हात न लावलेल्या माणसाला तुम्ही रात्री खंडाळ्याच्या घाटात गाडी चालवायला द्याल?

म्हणजे हिशेब असा उलटा झालाय: जे चालवायला सोपं, त्याचा सराव सगळ्यात जास्त. जे चालवायला सगळ्यात अवघड, आणि ज्यावर जीव अवलंबून, त्याचा सराव शून्य.

‘निर्भीक’ आणि माझ्यासारख्या मुली

२०१४ च्या जानेवारीत कानपूरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीनं ‘निर्भीक’ नावाचं .३२ चं हलकं रिव्हॉल्व्हर आणलं. दिल्लीच्या २०१२ च्या घटनेनंतर, खास महिलांसाठी, पर्समध्ये मावेल असं. वजन अर्ध्या किलोच्या आसपास, किंमत सव्वा लाखाच्या घरात. तेव्हा चर्चा झाली ती किमतीवर आणि नावावर. मला रेंजवर आठवलं ते त्याचं वजन. हलकं म्हणजे सोयीचं, हे पर्ससाठी खरं. मनगटासाठी उलट. २०२३ मध्ये आलेल्या ‘प्रबल’ रिव्हॉल्व्हरच्या बातम्यांत ठळक होतं, ‘५० मीटर पल्ला’. पल्ला पिस्तुलाचा असतो. नेम माणसाचा. जाहिरातीत पहिला आकडा छापता येतो, दुसरा रेंजवरच कळतो.

पप्पांच्या पिस्तुलाचं आमच्या घरातलं आयुष्य सांगते. ते गोदरेजच्या कपाटात, वरच्या खणात, कुलपात. मॅगझिन वेगळं, गोळ्या वेगळ्या. कारण दादाचा चार वर्षांचा मुलगा सगळ्या खणांत हात घालतो. २०२४ मध्ये लोकसभेला आणि मग विधानसभेला ते पोलीस ठाण्यात जमा झालं, पावती आली, निवडणूक झाल्यावर परत आलं. आई म्हणते, ‘घरापेक्षा पोलिसांकडंच जास्त राहिलंय ते. आणि रात्री कुत्रं भुंकलं तर ह्यांना किल्ली कुठंय ते आठवायला दहा मिनटं लागतात.’

आई विनोद करत होती, पण शस्त्रांच्या बाबतीतला सगळ्यात अवघड पेच तिनं एका वाक्यात मांडला. कुलपात ठेवलं तर ते वेळेला हाताशी नसतं. हाताशी ठेवलं तर ते नातवाच्याही हाताशी असतं. जबाबदार माणूस कुलूपच निवडणार. पप्पांनी तेच निवडलं. म्हणजे एवढी वर्षं त्यांनी पिस्तूल बाळगलं नाहीच, जपलं.

आणि ज्या रोकडीसाठी ते घेतलं ती तरी आता कुठे आहे? दुकानाच्या काउंटरवर क्यूआर कोडचा स्टँड आहे. दिवसभर तो स्पीकर ‘प्राप्त हुए’ म्हणून ओरडत असतो आणि संध्याकाळी पप्पा हात हलवत घरी जातात. वस्तीवर आता भीती आहे ती बिबट्याची. त्याला फटाके, टॉर्च आणि गोठ्याला जाळी हाच उपाय. वन्यजीव कायद्यात बिबट्याला सर्वोच्च संरक्षण आहे, आणि तसंही पीपीके घेऊन बिबट्यासमोर उभं राहण्याची कल्पना बाँडनंही केली नसती.

टार्गेट पिस्तुलाची दुसरी बाजू

कौलाआधी न्याय म्हणून हेही सांगते. टार्गेट पिस्तूल म्हणजे सगळं गुडी गुडी नाही. ते मोठं, नखरेल आणि महाग. मूठ तुमच्या हाताच्या मापाची लागते. आणि ते बिघडतंही. टोकियो ऑलिम्पिकमध्ये २०२१ साली मनू भाकरचं १० मीटर एअर पिस्तूल ऐन पात्रता फेरीत बिघडलं आणि अंतिम फेरी हुकली. तीच मनू २०२४ ला पॅरिसमध्ये दोन ब्राँझ घेऊन आली. मधल्या तीन वर्षांत ती काय करत होती, ते सांगायला नकोच.

आणि या पिस्तुलाचा बाहेरच्या जगात काडीचा उपयोग नाही. ते रेंजवर जन्मतं आणि रेंजवरच राहतं. त्यातून मिळतं ते एवढंच: आपला हात किती थरथरतो, श्वास कुठे अडकतो, घाई झाली की बोट काय करतं, हे ते तुम्हाला तोंडावर सांगतं. कॅरी पिस्तूल हे सांगतच नाही. ते कपाटात गप्प बसून ‘मी आहे ना’ म्हणत राहतं. त्या भरवशाची किंमत पप्पांना परवा तीन सेकंदांत कळली.

कौल

बाळगायला: पीपीके, अर्थातच. खिशात मावतं, रूपवान आहे, मागे बाँडची पुण्याई आहे.

चालवायला: जीएसपी. वाद नाही. नवशिक्या हातालाही ते सांभाळून घेतं.

भरवसा ठेवायला: दोन्ही नाही. भरवसा फक्त सरावलेल्या हाताचा. कॅरी पिस्तूल घ्यायचं असेल तर दर महिन्याला त्याच पिस्तुलानं, त्याच पहिल्या जड ओढीनं, तीन सेकंदांत सराव करायची तयारी हवी. पैसा, गोळ्या, रेंज, वेळ, सगळ्याची. ती नसेल तर ते पिस्तूल फक्त तुमची भीती कमी करतं. धोका तेवढाच राहतो. उलट पिस्तूल हिसकावलं जाण्याचा एक धोका वाढतो.

माझं पप्पांना उत्तर: नको. रात्री अकराला मला हवी ती खात्रीची कॅब, लोकेशन माहीत असलेली मैत्रीण आणि फोनवर ११२. पप्पांना ते पटायला दोन दिवस आणि आईची साथ लागली. परवान्याच्या नूतनीकरणाची तारीख अजून लांब आहे. तोवर पिस्तूल परवानाधारक विक्रेत्याकडे द्यायचं की ठेवायचं, ते पप्पा ठरवतील. त्यांचं आहे, निर्णयही त्यांचा. परवा फोनवर मात्र वेगळंच विचारत होते, ‘त्या ड्रिल मशीनचं तासाचं काय घेतात गं?’

तुम्हाला बघायचंय का करून? सुरुवात एअर पिस्तुलानं करा. ४.५ मिलिमीटर म्हणजे .१७७ पर्यंतचा बोअर आणि २० ज्यूलपर्यंत ताकद असलेल्या एअर पिस्तुलाला शस्त्र परवाना लागत नाही. १० मीटरची रेंज आता बऱ्याच शहरांत सापडते. दहाचं वर्तुळ तिथे साडेअकरा मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. पहिल्या दिवशी ते दिसणारही नाही. महिन्याभरानं दिसायला लागलं की ज्याला आपण ‘माझा हात स्थिर आहे’ म्हणत होतो तो किती अस्थिर होता हे कळतं, आणि तेवढ्यासाठीही फी वसूल आहे.

पुढच्या आठवड्यात पुन्हा साध्यासुध्या वस्तूंकडे वळू. मिक्सर तरी घेऊ या आमने-सामने. तोपर्यंत नळी टार्गेटकडे आणि बोट चापाच्या बाहेर!